रिकाम्या बंदुकीचं पार्सल

माझ्या काउंटरवर कुणी बंदूक ठेवून "खाली आहे, ताई", म्हणजे रिकामी आहे, म्हणालं की माझं डोकंच सणकतं. मी म्हणते, "तुम्हाला विचारलं का मी?" गिऱ्हाईक गोरंमोरं होतं. होऊ दे. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं कुरिअरचं दुकान आहे, आणि त्या रस्त्यावर दुकानापेक्षा माझ्या तोंडाचीच ख्याती जास्त आहे. बाजूचा झेरॉक्सवाला तर नवीन माणसाला आधीच सांगून ठेवतो, बाईपुढे जास्त बोलू नका म्हणून.

आमच्याकडे एअरगनला छर्‍याची बंदूक म्हणतात. हरभऱ्यात वानरं उतरली की शेतकरी ती काढतो, एकदोनदा वाजवतो. वानरं बांधावर जाऊन बसतात आणि हा कधी जेवायला जातो याची वाट बघतात. कमी ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून लोकांना ते खेळणंच वाटतं. मग कुणाला ती जावयाकडे पाठवायची असते, कुणाला दुरुस्तीला. येतात माझ्याकडे, उसाच्या कांड्यासारखी काखेत मारून.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मोठ्या ऑफिसला फोन करून परवानगी घ्यायची. त्यांनी नाही म्हटलं तर गिऱ्हाइकालाही तोंडावर "नाही" म्हणून सांगायचं. पण "घरगुती सामान" असं गोलमोल लिहून काही ढकलायचं नाही. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळखपत्रं, बिल, बंदूक बिनपरवान्याच्या मापात बसते याचा दुकानदाराचा कागद. विमानाने नाही, रस्त्याने. छर्रे त्या खोक्यात नकोत. स्प्रिंग सुटलेली हवी आणि नळी रिकामी हवी. ती रिकामी आहे की नाही, हे मी बघणार. तुम्ही नाही.

एकदा धाड गावाकडचा एक माणूस आला होता. पोत्यात गुंडाळलेली बंदूक, आणि त्याच पोत्यात भुईमुगाच्या शेंगा. "खाली आहे, ताई," म्हणाला. या बंदुकीची नळी बिजागरीसारखी वाकते. तिला आम्ही नळी मोडणं म्हणतो. मी मोडली, तर काचेवर टण्णकन छर्रा पडला. तो माणूस हसला हो! "अरे, हे तं राह्यलंच होतं," म्हणाला. मी त्याला शेंगांसकट दुकानाबाहेर काढलं. तो रस्त्यावर उभा राहून माझ्याकडे बघत होता, की एवढं काय झालं हिला.

लोकांना वाटतं, मी नियमाची पक्की आहे. कसला नियम अन् कसलं काय. मी घाबरते.

माझं माहेर वडनेर भोलजीचं. मी लहान होते, दादा माझ्यापेक्षा थोडा मोठा. उन्हाळा होता, अंगणात बाबा बाजेवर बसून हीच छर्‍याची बंदूक पुसत होते. मी चिंचेचा गोळा चोखत पायरीवर बसले होते. दादा बकरीला पाला टाकून परत येत होता. बाबा मजेत होते, तसे ते फार कमी वेळा असायचे. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि म्हणाले, "हात वर कर बे!" दादाने हसत हसत दोन्ही हात वर केले. बाबांनी चाप ओढला.

आवाज केवढासा झाला, हेच मला अजून खटकतं. पाटी हातातून पडावी एवढाच. दादा खाली बसला, त्याने डावा डोळा हाताने झाकला, आणि बकरी पाला खातच राहिली. बाबा म्हणत होते, "खाली होती. खाली होती ना ते." जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत ते तेवढंच म्हणत होते. आईने शेवटी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

डोळा गेला. गावात सांगितलं की पोरगं पऱ्हाटीच्या ढिगावर पडलं, काडी लागली. आमच्या गावात कापसाच्या वाळक्या काड्यांचे ढीग घरोघर असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दादाचं लग्न ठरताना सोयऱ्यांनाही तेच सांगितलं. बाबांनी पुन्हा कधी त्या बंदुकीला हात लावला नाही, पण ती खुंटीवरून काढलीही नाही. फेकली असती तर गावाने विचारलं असतं, काऊन फेकली? मग ती तिथंच राहिली. आईबाबा गेले, घराला स्लॅब पडला, तरी नव्या भिंतीला खुंटी ठोकून ती तिथं टांगली गेलीच.

आणि त्या घरात वहिनी आली.

वहिनीबद्दल वाईट बोलणारी जीभ झडून जाईल. माझ्यासारख्या तोंडाळ नणंदेला तिने आजवर उलट शब्द दिला नाही. पण तिचा एक हट्ट आहे: घरातून रिकामं काही जाऊ द्यायचं नाही. डबा परत दिला तर त्यात मूठभर तूरडाळ. बरणी दिली तर तळाशी गुळाचा खडा. एकदा मी गाडीला पेट्रोल आणायला त्यांची कॅन नेली होती, तर तीही तिने चिमूटभर साखर कागदाच्या पुडीत बांधून, कॅनच्या मुठीला अडकवून दिली. मी म्हटलं, "वहिनी, अहो पेट्रोलची कॅन आहे ती!" ती म्हणाली, "असो. रिकामं कायले द्याव? आमच्या घरी काय दुष्काळ पडला काय?" मी हसायची. सगळेच हसायचो.

दसऱ्याला ती विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर यांच्याबरोबर बंदूकही पुजायची. हळदकुंकू, फूल, आपट्याचं पान. दादा शेजारी उभा राहायचा. मी नीट बघितलेलं आहे: तो नेहमी अशा बाजूला उभा राहायचा की बंदूक त्याच्या गेलेल्या डोळ्याकडे यावी. वहिनीला ते कधी कळलं नाही. तिला कळायचं कारणच काय?

दादाचा मुलगा नाशिकला कारखान्यात आहे. बायको, एक चिमुरडी पोर, भाड्याचा फ्लॅट. कारखान्याच्या क्लबमध्ये त्याला कागदाच्या टार्गेटवर नेम धरायचा नाद लागला. त्याचा फोन आला, "आत्या, आपली ती जुनी बंदूक माह्याकडं पाठवून दे ना. आबाची आठवण आहे. अन् आता बाबाले दिसत तरी कुठं नेम धराले?" खरंच होतं. दादाच्या उरलेल्या डोळ्यातही आता मोतीबिंदू उतरत होता, आणि वानरांसाठी त्याने आवाज करणारा भोंगा बसवला होता. मी म्हटलं, दिवाळीला येशील तेव्हा ने. तर म्हणे, रेल्वेत लांबट गाठोडं बघून पोलीस अडवतात, बायको-पोरीसमोर तमाशा नको. तुझं दुकान कशाला आहे?

मला नको होतं. साफ नको होतं. पण काय कारण सांगू? कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

मी वडनेरला गेले आणि दादाला गोठ्यामागे गाठलं. म्हटलं, "बंदूक पाठवायची असेल तर आधी पोराला सांग, तुझा डोळा कशाने गेला ते."

दादा सरकी भिजवत होता. हात न थांबवता म्हणाला, "कायले?"

"घरात लहान पोर आहे त्याच्या, म्हणून. त्याला माहीत तरी पाहिजे की ही चीज काय आहे."

"त्याचा आबा त्याच्यासाठी देवमाणूस होता," दादा म्हणाला. "मेलेल्या माणसाले आता पोरासमोर कायले उभं कराचं? जाऊ दे तिले घरातून. मले तं सुटल्यासारखं वाटून राह्यलं." आणि मग थोड्या वेळाने, "तू तपासून देशील ना? तू दिली म्हणजे मले काही घोर नाही."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. एवढं आयुष्य एका डोळ्याने काढलं या माणसाने, आणि बापाला अजून पाठीशी घालतोय. म्हटलं, "देईन."

कागदांचं मी रीतसर केलं. बिल कधीच हरवलेलं होतं, म्हणून खामगावच्या जुन्या दुकानदाराला बंदूक दाखवून मापाचा कागद लिहून आणला. मोठ्या ऑफिसची परवानगी घेतली. मग ठरल्या दिवशी वडनेरच्या ओसरीवर बसून मी स्वतः नळी मोडली. आत बघितलं. जुन्या छत्रीची काडी होती घरात, पूर्वीपासून नळी साफ करायची. तिला चिंधी गुंडाळून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. चिंधी काळी निघाली, बाकी काही नाही. वाळूच्या ढिगावर धरून चाप ओढला, नुसती फुस्स हवा. नळीच्या तोंडावर टेप लावली आणि टेपवर माझी सही केली. नाशिकला फोन लावला आणि म्हटलं, "ऐक, मी तपासली आहे. रिकामी आहे. तरी कुणावर धरू नकोस, गमतीतसुद्धा."

तो हसला. "आत्या, तू तपासली ना? मंग झालं. देवानं सांगितल्यासारखं आहे ते."

मी आणि दादा ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायला चौकात गेलो. गावात लाईट नव्हती, दुकानदार इन्व्हर्टरशी खटपट करत होता, वेळ गेला. परत आलो तर बंदूक देवघरासमोर पाटावर होती. तिळाच्या तेलाने पुसून चकचकीत केलेली, दस्त्याला हळदकुंकवाची बोटं. वहिनी म्हणाली, "लेकराच्या घरी जाऊन राह्यली. तशीच कशी जाऊ द्याव?" मी म्हटलं, "झालं का तुमचं? आता कुंकू खोक्याला लागेल." ती गोड हसली आणि पदराने हात पुसले.

तिळाच्या तेलाचा वास मला एरवी आवडतो, तेव्हा आवडला नाही. दादा पाठ करून बाहेर बाजेवर बसला होता. घरात कुणी मेलेलं माणूस बाहेर न्यायचं असावं असं सगळं शांत होतं. मीच स्वतःला दटावलं, वय झालं तुझं, भ्रमिष्टासारखं काय करतेस.

दुकानात आणल्यावर मी माझ्या पद्धतीने पुन्हा नळी मोडली, स्प्रिंग ताणली जाऊ नये म्हणून अर्धीच. मोडलेलं टोक स्वच्छ. झटकली, काही पडलं नाही. दुसऱ्या टोकाला माझी सही केलेली टेप जशीच्या तशी. थर्माकोल, प्लायच्या पट्ट्या, जाड खोकं, चारी बाजूंनी टेप. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: एअरगन, रिकामी, तपासलेली. खाली माझी सही. गाडी आली, खोकं गेलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, आज चेहरा काऊन उतरला?" मी त्याला म्हटलं, तू तुझं यंत्र बघ.

पुढचे दिवस मी मोबाईलवर पार्सल कुठं पोचलं ते सारखं बघत होते. दुसऱ्यांच्या पार्सलचं मी कधी एवढं बघत नाही. भुसावळ. मग तिथंच अडकलं. मग नाशिक. काही चुकलेलं नव्हतं, आणि तरी मी अर्ध्या ताटावरून उठायची. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी.

मग बाजाराचा दिवस आला. वहिनी जीपने नांदुऱ्याला आली, दुकानात टेकली, पाणी प्यायली. तिच्या पिशवीत माझा स्टीलचा डबा होता. मी वडनेरला जाताना त्यात चिवडा नेला होता, तो डबा परत द्यायला आणला होता. मी झाकण उघडलं, तर आत काठोकाठ मूग.

सकाळची पार्सलं आटोपली होती आणि मोबाईलवर नाशिकचं "पोचलं" असं दिसत होतं. मला जरा हलकं वाटत होतं. म्हणून मी तिची फिरकी घेतली. "वहिनी, एखादे वेळी रिकामा डबा दिला असता तर आभाळ कोसळलं असतं का हो?"

"अवं माय! रिकामं म्या कधी काही देल्लं काय?" ती कौतुकाने म्हणाली. "तुमच्या भाच्याची बंदूकसुदिक रिकामी नाही जाऊ देली."

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, एक छर्रा घातला. सगुणाचा, शुभ म्हणून." ती अगदी सहज सांगत होती. "तुम्ही दोघं झेरॉक्सले गेले होते ना, तवा. बापाचं हत्यार लेकाकडं जाऊन राह्यलं, ते रिकामं देल्लं तं बरं दिसते काय? पडू नाही म्हणून छत्रीच्या काडीनं मस्त आत सरकवून देल्ला, मधात. तुम्हाले दिसलाबी नाही ना? नळी मी लय नाही वाकवली हो, अर्धीच. स्प्रिंग नाही ताणली. मले समजते तेवढं."

समजतं तिला. तेवढंच समजतं. पलीकडच्या तोंडाला टेप असल्यावर मधोमध सरकवलेला छर्रा नळी मोडून बघणाऱ्याला दिसणार नाही, झटकणाऱ्याच्या हाती पडणार नाही. नळी पूर्ण वाकवली की स्प्रिंग ताणली जाणार, आणि चाप ओढला की तो छर्रा बाहेर. आणि माझा भाचा तो बिनधास्त ओढणार, कारण खोक्यावर माझ्या हाताने लिहिलंय, रिकामी.

मी भाच्याला फोन लावला. वाजला, वाजला, आणि कुणीतरी कापला. त्याची साप्ताहिक सुट्टी होती, तो घरीच असणार. वहिनी विचारत होती, "काय झालं वं बाई?" मी हाताने तिला गप्प केलं. पुन्हा लावला. घाईत आधी दुसऱ्याच कुणाला लागला, तो कापून परत लावला.

या वेळी फोन उचलला, आणि पलीकडे लहान पोरीचा आवाज. स्पीकरवर असावा, कारण खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, तू मध्येच फोन करतेस! मी बाबांचा व्हिडिओ काढतेय."

"बाबा कुठे आहे?"

"समोर आहेत. हीरोसारखे. बंदूक माझ्याकडेच धरलीय. मी फोन डोळ्यासमोर धरलाय आणि अजिबात हलायचं नाहीये."

मागून भाच्याचा हसरा आवाज आला, "कोण, आत्या का? तिले म्हण, मिळाली बरं, मस्त आहे! नंतर करतो. हलू नको हं बेटा, आता ठो—"

त्या पोरीला माझी भीती वाटते. दिवाळीला आली की माझ्या आवाजाने आईच्या मागे लपते, आणि सून मला नेहमी सांगते, आत्या, जरा हळू बोला ना तिच्याशी. आयुष्यात जेवढ्या जोरात मी ओरडले नसेन तेवढ्या जोरात ओरडले, "खाली बस! खाली बस आधी!"

आणि मला तो आवाज ऐकू आला. पाटी पडावी एवढाच.

मग काच फुटल्याचा आवाज. मग काहीच नाही. स्टेशनच्या रस्त्यावरून ट्रक गेला, झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, आणि माझ्या कानात नाशिकची ती खोली होती, जिथं कुणी श्वासही घेत नव्हतं. मी देवाचं नावही घेतलं नाही. मला आठवलंच नाही कुठल्या देवाचं घ्यायचं. मला फक्त बकरी आठवत होती, पाला खाणारी.

मग भाचा बोलला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "आत्या, खाली होती ना गं? खाली होती ना ते? तू तं म्हणली होती..."

"पोरगी," मी म्हटलं. "पोरगी कुठे आहे?"

तेवढ्यात तिचं रडणं फुटलं. मोठ्याने, भोकाड पसरून. "आजी ओरडली! मम्मी, आजी माझ्यावर ओरडली!" सून धावत आलेली ऐकू आली, तिने फोन घेतला. पोर ओरडण्याने दचकून मटकन खाली बसली होती. छर्रा तिच्या डोक्यावरून मागच्या शोकेसच्या काचेत गेला. जिथं ती फोन धरून उभी होती, अगदी त्याच उंचीवर. सून मला हे सांगत होती आणि सांगता सांगता नवऱ्याला शिव्या देत होती. मी म्हटलं, दे, अजून दे.

फोन ठेवला. वहिनी काउंटरच्या पलीकडे उभी होती. तिला अर्धं कळलं होतं, आणि जे कळलं होतं त्याने तिचे ओठ पांढरे पडले होते. "लेकरू ठीक आहे ना? म्या तं सगुणाचा..." मग म्हणाली, "असं कसं होते? इतके साल घरात आहे ते. कधी कोणाले काही झालं नाही तिच्यानं."

हे वाक्य ऐकलं आणि माझा बांध फुटला. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण तिच्यावर ओरडण्यासारखं काही नव्हतं. मी बाबांवर ओरडत होते, दादावर ओरडत होते, आणि समोर ती उभी होती. मी म्हटलं, "झालंय वहिनी! तुमच्या घरातच झालंय. दादाचा डोळा पऱ्हाटीने नाही गेला. याच बंदुकीने गेला. माझ्या डोळ्यांदेखत. बाबांनी गमतीत धरली होती. खाली आहे म्हणत होते."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"माह्या लग्नाच्या आधी?"

"हो."

"म्हणजे तुम्हा सगळ्याईले ठाऊक होतं."

मी हातातलं झाकण काउंटरवर ठेवलं.

"मी दर दसऱ्याले तिले हळदकुंकू वाह्यलं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "ते बाजूले उभे राहत. मी त्याईच्या हातातून फूल घेऊन तिले वाहो. काऊन सांगतलं नाही मले? एक डाव सांगतलं असतं, तं मी घातला असता काय छर्रा?"

बाबांची अब्रू राखायला आम्ही ज्या बाईला काही सांगितलं नाही, तिच्याच नातीचा डोळा त्या दिवशी समोर होता. माझ्या सगळ्या पद्धतीत, परवानगीत, टेपमध्ये, सहीत ही एक गोष्ट लिहिलेली नव्हती, आणि लिहायला हवी होती ती हीच.

एक गिऱ्हाईक येऊन पाकीट ठेवून गेलं, मी बघितलंही नाही. मग वहिनीने काउंटरवरचा माझा डबा ओढून घेतला. पदर पसरला, डबा उलटा केला, सगळे मूग पदरात ओतले. तळाला चिकटलेला एक दाणा तिने बोटाने काढला. झाकण लावलं आणि डबा माझ्यासमोर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "रिकामा आहे. पाहून घ्या."

पदराची गाठ मारून ती जीपच्या थांब्याकडे गेली. मी डबा उघडून बघितला.